भात्याचं बटण

वनमाला परबला त्या लॅपटॉपातलं काय कळतं, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं. पाठीमागून नको. पाठीमागून बोलणाऱ्यांना माघी गणपतीच्या बारीत उत्तर मिळालंय. पण ते नंतर. आधी आमचे बुवा.

आमचे बुवा म्हणजे माझे यजमान. नाहूरपासून मुलुंडपर्यंत कुठेही डबलबारी असली की बाळाबुवांचं नाव निघणारच. डबलबारी ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. दोन भजनी बुवा समोरासमोर बसवायचे, दोघांची मंडळं, दोघांच्या पेट्या. आळीपाळीने भजनं म्हणायची. वरवर देवाचं नाव, आतून एकमेकांची उणीदुणी, तीही तिथल्या तिथे चालीत बांधून. आम्हा मालवणी माणसांना देवासमोर भांडायला मिळालं की आणखी काही नको असतं.

तर गेल्या भाद्रपदात, विसर्जन आटपून घरी आल्यावर बुवांच्या डाव्या हातावरून वारं गेलं. देवाने राखलं म्हणायचं, जीव वाचला, जीभ वाचली, उजवा हात ठणठणीत. डावा मात्र लोंबकळल्यासारखा. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, म्हणाले दिवसभर दाबत राहा, हात सुधारेल. बुवांनी चेंडू खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "ल्हान पोर आसंय काय मी, चेंडू खेळूक?" तिथून तो कावळ्याने नेला. कावळ्याचा पाय आता सुधारला असेल.

आता पेटी डाव्या हाताशिवाय वाजत नाही. उजव्या हाताने सूर दाबायचे, डाव्याने मागचा भाता मारायचा, तेव्हा हवा सुरांत जाते. भाता नाही तर पेटी म्हणजे नुसतं लाकूड. मंडळातले म्हणाले, "बुवा, पेटीला दुसरा कोणी बसवू, तुम्ही नुसते गा." त्यावर बुवा असे कडाडले की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला.

"दुसऱ्याच्या पेटीर गाणा म्हणूचा म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवचा!"

मग दिवाळी झाली, मार्गशीर्ष आला आणि मंडळाची माणसं चहाला आली. माघी गणपतीला आमच्या मंडळाची बारी ठरलेली, समोर बोरिवलीचे नंदकुमारबुवा. सगळ्यांच्या वतीने धोंडिराम बोलला. हा आमचा पखवाजवाला, बुवांचा शाळेपासूनचा दोस्त. कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "बाळा, यंदा तू नाय बसलास, तर मंडळ दुसरो बुवा बघता. आणि एकदा गादीर दुसरो बसलो की... तुका म्हायत आसा."

बुवा काहीच बोलले नाहीत. मला धडकी भरली ती तेव्हा. हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर अख्ख्या बिल्डिंगला सांगणारा, आणि तो गप्प. पुढे कित्येक दिवस गप्पच. सकाळी उठायचे, सासऱ्यांची पेटी फडक्याने पुसायचे आणि परत झाकून ठेवायचे. इतकी वर्षं मी देवाला म्हणायचे, ह्या माणसाचा आवाज जरा कमी कर. देवाने ऐकलं ते असं. मी रोज रडत होते, कांदा चिरायच्या वेळेला, म्हणजे कुणाला कळू नये.

मग म्हटलं, मीच भाता मारते. त्यात काय एवढं? बुवा पेटीच्या पुढे, मी मागे, मध्ये पेटी. बुवांनी सूर दाबला, मी भाता ढकलला.

"गो, वारो!"

मी जोर लावला.

"गो, कमी! फाडतंस काय पेटी?"

मी कमी केला.

"मेलो सूर! वारो, वारो!"

"अहो, मला काय स्वप्न पडतं का तुम्हाला कधी किती पाहिजे ते?"

"त्याका कळाक लागता! ओळ खय चढता, खय टेकता, ता आयकाक येता!"

"मग मारा तुमचा तुम्ही! तुमचा भाता तुम्हाला लखलाभ!" म्हणून मी उठले ती सरळ ओट्यापाशी. इतक्या वर्षांचा संसार निभावला आम्ही, पण एका भजनाला हवा देता आली नाही. त्या दिवशी दोघांनी वेगवेगळ्या वेळी जेवून घेतलं.

आमची श्रुतिका अंधेरीला एका स्टुडिओत काम करते. सिरियलमध्ये सासू गर्रकन वळून बघते तेव्हा जो तीनदा 'ढॅण' वाजतो ना, तो आमच्या लेकीचा. सगळं लॅपटॉपवर करते. रविवारी आली, बापाचं तोंड बघितलं, आणि संध्याकाळी परत आली ती बॅग घेऊन. बॅगेत लॅपटॉप आणि दोन फुटांची काळी पट्टी. पट्टीवर पेटीसारखे काळे-पांढरे सूर, आणि वरच्या बाजूला ओळीने गोल बटणं.

"पप्पा, याला भाता लागत नाही," ती म्हणाली. "जुन्या काळचे मोठे सिंथेसायझर असायचे ना, लाकडी, वायरींचे? हा तसलाच, पण सॉफ्टवेअरमधला. सूर तुम्हाला हवा तसा बनवायचा."

बुवांनी त्या पट्टीकडे असं बघितलं, जणू मुलगी परजातीचा जावई घेऊन आलीये. वाईट म्हणजे, तसा जावई त्यांना चालला असता.

लॅपटॉपच्या पडद्यावर बटणंच बटणं. श्रुतिकाने मधल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "बाकीचं सगळं विसरा. हे बघा फक्त. याला मिक्सर म्हणतात." मिक्सर म्हटल्यावर कुणालाही जो विनोद सुचेल तो बुवांनी केला. मी तो सांगत नाही. पण बऱ्याच दिवसांनी त्यांनी विनोद केला, म्हणून मी ओट्यापाशी तोंड फिरवून हसले.

"इथे तीन सूर आहेत," श्रुतिका सांगत होती. "तिन्ही एकदम वाजू शकतात. हा पहिला, तुमच्या पेटीतला नर सूर समजा, मधला, नेहमीचा. हा दुसरा एक सप्तक खाली, तुमचा खर्ज. तिसरा पहिल्यासारखाच, पण केसभर बेसूर, म्हणजे दोन्ही मिळून जरा थरथरतात. आणि हे चौथं बटण नॉइजचं. नुसता आवाज, सूर नाही. ऐका." तिने ते वाढवलं आणि फुस्स झालं, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसं. "प्रत्येकाचा आवाज किती ठेवायचा ते ही बटणं ठरवतात. पट्टीवरचं बटण फिरवलं की पडद्यावरचं फिरतं. कळलं?"

"ह्यां काय कळूचा?" बुवा म्हणाले. "पेटीच्या तोंडार खुंट्ये असतत. त्ये ओढले की सूर उघाडतत. ह्येय तशेच." आणि तिला काही सांगायची संधी न देता त्यांनी उजव्या हाताने चारही बटणं टोकापर्यंत फिरवली आणि सूर दाबला.

आई गं! मला वाटलं खाली डंपर पलटी झाला. ओट्यावरचे चमचे वाजले. समोरच्या फ्लॅटमधली मीरा शिंदे लाटणं हातात घेऊन दारात. तिच्याकडे भीमजयंतीला गाण्यांचा सराव चालतो, तेव्हा आवाजाची तिला सवय, पण तीसुद्धा म्हणाली, "वहिनी, काय फुटलं?"

"पप्पा, सगळं फुल्ल नाही करायचं!" श्रुतिका ओरडली. "चौघे एकदम फुल्ल झाले की पुढे आवाज जायला जागाच राहत नाही, सूर फाटतो!"

"मी जल्मात खुंटी बंद करून वाजवूक नाय! सगळे खुंट्ये ओढल्याबगर गाणारो बुवा म्हणजे अर्ध्या चड्डीत लग्नाक उभो ऱ्हवलेलो नवरो!"

"पप्पा, पेटीत हवा एकच असते, ती सगळ्यांत वाटली जाते. इथे प्रत्येक जण आपापली हवा घेऊन येतो. म्हणून इथे आधी सगळं शून्यावर. मग एकेक वर आणायचा, दुसऱ्याला जागा ठेवून."

दुसऱ्याला जागा ठेवून! आमच्या घरात! पहिल्या बटणावर बुवा, कायम दहावर. दुसऱ्यावर टीव्ही. मी त्या शेवटच्या बटणासारखी, आहे की नाही ते कान लावल्याशिवाय कळत नाही. लेकीने बापाला हे शिकवायचं म्हणजे मांजरीने वाघाला शाकाहार शिकवण्यासारखं होतं.

बापलेकीचं भांडण पोळ्या होईपर्यंत चाललं. शेवटी तिने स्वतःच लावून दिलं. पहिला सूर पाऊण, खर्ज निम्मा, तिसरा पाव. बुवांनी नाखुशीने एक सूर दाबला आणि डोळे मिटले. पेटीच होती हो ती. अगदी सासऱ्यांची नव्हे, पण तिची चुलत बहीण नक्की. मग बुवांनी एक ओळ वाजवली, थांबले, आणि हात काढून घेतला.

"मेलेलो हा," ते म्हणाले. "सूर आसा, जीव नाय. श्वास खय हा हेचो? वारो खय हा?"

श्रुतिका हसली. तिने काहीतरी खटपट केली आणि पट्टीवरच्या अगदी डावीकडच्या मोठ्या बटणाला पडद्यावरची दोन बटणं एकदम बांधली, फुस्स करणारं आणि खर्जाचं. "आता हे फिरवा. वाढवलं की हवा पण येईल आणि खर्ज पण फुगेल. कमी केलं की दोन्ही टेकतील. हा तुमचा भाता."

"डाव्या हातान?"

"भाता कुठल्या हाताने मारता?"

बुवांनी डावा हात उजव्या हाताने उचलून त्या बटणावर ठेवला. बोटं धरेनात. घसरली. परत ठेवली. कपाळावर घाम. मी ओट्यापाशी उभी, पोळी तव्यावर फुगून जळाली तरी उलटायचं भान नाही. आणि मग ते बटण एवढंसं फिरलं. सुराने श्वास घेतला. मी रडले, आणि त्या दिवशी कांदा नव्हता.

झालं! ज्या माणसाने चेंडू कावळ्याला दिला तो सकाळ-संध्याकाळ बटण फिरवत बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, हात छान सुधारतोय, कुठला व्यायाम करता? बुवा म्हणाले, "भाता." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

घरात रियाजाला जागा एकच, जेवणाचं टेबल, त्यामुळे लॅपटॉपचं तोंड ओट्याकडे. मी स्वयंपाक करता करता बघायचे. पडद्यावरची ती दोन बटणं आपोआप फिरत, भूत लागल्यासारखी. पहिल्यांदा गंमत वाटली. मग लक्षात यायला लागलं. भजनाची ओळ सुरू झाली की दोन्ही जरा वर, शब्द संपत आला की खाली टेकत, आणि परत म्हणायच्या आधी, आवाज फुटायच्या आधीच, टुणकन वर. गजर आला की, म्हणजे देवाच्या नावाचा जयघोष करत सगळं मंडळ चढत जातं ना तेव्हा, जिना चढल्यासारखी पायरी पायरीने वर. 'ओळ खय चढता, खय टेकता' म्हणून माझ्यावर ओरडले होते ते हे होय! कानाला कधी कळलं नव्हतं, डोळ्याला रोज दिसत होतं. एकदा गजर असा रंगला की माझा हात गॅसच्या बटणावर होता, तो पण तसाच चढत गेला. भात करपला. बुवा म्हणाले, लक्ष खय आसता तुझा? मी म्हटलं, तुमच्यावरच.

बारीचा दिवस आला. पूर्वी बारी रात्र रात्र चालायची. आता दहाला लाउडस्पीकर बंद, म्हणून पाचलाच बसतात. नाहूरच्या आमच्या मैदानात मांडव, अर्ध्यात पुरुष, अर्ध्यात बायका, समोरासमोर दोन गाद्या. बुवांनी सासऱ्यांची पेटी सोबत आणलीच होती. ती गादीवर ठेवली, तिच्यावर ती काळी पट्टी, बाजूला स्टुलावर लॅपटॉप. "बापाशीच्या डोक्यार बसललंय," म्हणाले, "पण बसललंय तर."

समोरून नंदकुमारबुवांनी हात जोडले. हा माणूस गोड हसतो आणि खाली सुरी चालवतो. "बाळाबुवा, पेटी खय? ह्यो टीव्ही कित्याक हाडलास? म्हणजे गाणा आवडला नाय तर मालिका लावशाल?" पहिलाच टोला, मांडव हसला. बुवांचं बोट भात्याच्या बटणावर घट्ट बसलं.

बारीआधी वाद्यांची पूजा करायची आमची रीत. पखवाज, झांजा, पेटी, सगळ्यांना हळदकुंकू, फूल, मग देवाला गाऱ्हाणं. ही कामं धोंडिराम स्वतःच्या अंगावर घेतो. श्रुतिका साउंडवाल्याशी भांडायला मांडवाच्या मागच्या टोकाला गेलेली. बुवा डोळे मिटून, हात जोडून, गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. आणि धोंडिरामाला कुंकू कालवायला पाणी मिळेना, तेव्हा त्याने समोरचं पंचामृत घेतलं. दूध, दही, तूप, मध, साखर आणि त्यात कुंकू. पेटीला टिळा लावला. लॅपटॉपच्या पडद्याला लावला. आणि मग त्याला पट्टीवरची ती बटणं दिसली.

देवाचं काम अर्धवट करायचं नाही हा त्याचा स्वभाव. एकेका बटणाला त्याने अंगठा टेकवला. नुसता टेकवून भागत नाही, टिळा गोल यायला हवा. म्हणून प्रत्येक बटणावर अंगठा दाबून गर्रकन उजवीकडे फिरवला. सगळ्या बटणांना. मनोभावे.

मी बायकांच्या बाजूने हे बघत होते, पण पडदा त्याच्या पाठीआड, म्हणून बटणं फिरताहेत हे काही मला तिथून दिसलं नाही. मला दिसला तो धोंडिराम, भक्तीने न्हालेला.

गाऱ्हाणं झालं. बुवांनी डोळे उघडले, आईवडलांना मनोमन नमस्कार केला, आणि पहिला सूर दाबला.

डंपर आला. ह्या वेळी मोठ्या स्पीकरांतून. पहिल्या रांगेतली पोरं भोकाड पसरून आयांकडे पळाली. मागून कुणीतरी ओरडलं, "जनरेटर फुटलो! उठा!" आणि खरंच चार जण उठले. धोंडिरामाने घाबरून पखवाजाला मिठी मारली. नंदकुमारबुवांनी कानांत बोटं घातली आणि ती सगळ्यांना दिसतील अशी घातली.

बुवांनी हात उचलला. आवाज थांबला, पण त्यांचा चेहरा पांढराफटक. कुठलं बटण काय ते सुचेना. माणूस गर्दीत पोर हरवल्यासारखा मांडवभर बघत होता, श्रुतिकाला शोधत होता. ती मागून येत होती, पण तेवढ्या गर्दीतून येणार कधी? मंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या एका बुवांच्या कानाला लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आता उठले तर हे परत कधी बसायचे नाहीत हे मला स्वच्छ कळलं. मी उभी राहिले.

"अहो! सगळं शून्यावर! मग एकेक!"

मांडव माझ्याकडे वळला. बुवाही. जन्मात एक खुंटी बंद न केलेल्या माणसाने खाली बघितलं आणि एकेक बटण पार डावीकडे नेलं. सगळं बंद. मग सूर दाबून धरला आणि पहिलं बटण हळूच वर आणलं. बारीकसा सूर आला. मांडव गप्प झाला. मग तिसरं, नखाएवढं. सूर थरथरला. मग भात्याचं बटण, हळूहळू. हवा आली, खाली खर्ज आला, आणि पेटी आली. सगळ्यांच्या देखत, एकेक माणूस घरात शिरल्यासारखी. कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्ष दुसऱ्या बुवांच्या कानापासून बाजूला झाला.

पहिली पाळी अशी रंगली की काय सांगू. बुवा सुटले होते. नंदकुमारबुवांना टीव्हीबद्दल असं उत्तर दिलं की त्यांच्याच मंडळातला झांजवाला हसला.

पण पंचामृत आपलं काम करत होतं. मध आणि साखर. दुसऱ्या पाळीपर्यंत ते बटणाच्या खाचेत उतरून चिकटलं. मला पडद्यावर दिसायला लागलं, बटणं पहिल्यासारखी फिरत नव्हती, अडकत होती, मग एकदम उडी मारत होती. बुवांचा डावा खांदा वर यायला लागला. घाम डोळ्यांत. आणि गजराच्या ऐन पहिल्या पायरीवर हात घसरला आणि मांडीवर पडला. त्यांनी उचलायला बघितलं. उठेना.

सूर चालू होता, पण मेलेला. बुवा गात होते, पण आवाज खाली बसत चाललेला. त्यांनी डाव्या हाताकडे ज्या नजरेने बघितलं ते मला पाहवेना.

मी चपला काढल्या आणि गादीवर गेले.

"वहिनी, वहिनी, बायका त्या बाजूक!" धोंडिराम ठेका न सोडता कुजबुजला.

"सरक, नाहीतर पखवाजावर बसेन. हे सगळं तुझ्या टिळ्यामुळे झालंय!"

तो सरकला. मी बुवांच्या डाव्या बाजूला बसले, त्यांचा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि बटण धरलं. चिकट, गुळाच्या ढेपेसारखं. पण पोळ्या लाटणारा हात आहे माझा, मधाला काय ऐकतो.

गाता गाताच बुवा दोन ओळींच्या मध्ये पुटपुटले, "गो, जमात तुका?"

"गप्प गा!"

शब्द टेकला, मी खाली आणलं. परत म्हणायच्या आधी, आवाज फुटायच्या आधी, टुणकन वर. बुवांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडेसुद्धा बघितलं नाही, मला गरज नव्हती. गजर चढला. पायरी, पायरी, पायरी. ह्या वेळी करपायला भात नव्हता, म्हणून मी पार वरपर्यंत नेलं. मांडव उभा राहिला हो! मीरा शिंदे खुर्चीवर उभी राहून टाळ्या देत होती.

मग नंदकुमारबुवांची पाळी. ते काय सोडतात! पेटीवर सूर धरला, माझ्याकडे बघून गोड हसले आणि गायले:

"पेटी झाली बॅटरीची, बुवा गेले चार्जिंगला,
वारो घालूक बायल बसली, लाज नाय ह्या मंडळाला!"

मांडव हसून हसून लोळला. खोटं कशाला बोलू, यमक चांगलं होतं. पण माझे कान लाल झाले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यातल्या दोघींना मी दिवाळीत फराळ दिला होता. उठून जावं असं वाटलं. बुवांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्याच हाताने, जो मघाशी उठत नव्हता. पकड कसली, नुसता भार. पण मी बसले.

आता उत्तर. सगळ्यांना ठाऊक होतं बाळाबुवा उत्तर देणार, आणि असं देणार की बोरिवलीपर्यंत झोंबेल. बुवांनी मला डोळ्याने खूण केली, मी वारा दिला. त्यांनी पहिली ओळ टाकली:

"माझ्या पेटीत वारो तिचोच, आजचो न्हय रे, कालचो..."

मंडळाने ती उचलली, घोळवली. मांडव पुढे झुकला. दुसरी ओळ आली:

"चुलीम्होरं बसलेली तेव्हा, डोळो खय होतो..."

आणि बुवा थांबले. सगळा मांडव 'तुमचो' म्हणायला तोंड उघडून बसलेला, आमचं मंडळ तर म्हणालंसुद्धा अर्धं. नंदकुमारबुवांनी टोला झेलायला मान तिरकी केली होती. बुवांनी माझ्याकडे बघितलं. आणि खाली, अगदी खाली, एकट्या पहिल्या सुरावर म्हणाले:

"...आमचो?"

धोंडिरामाचा ठेका चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणी हसलं नाही. मला वारा द्यायचं सुचलं नाही, माझा हात बटणावर तसाच. नंदकुमारबुवांनी आपली पेटी बंद केली, दोन्ही हात जोडले, आणि ह्या वेळी ते हसले नाहीत.

डबलबारीत कोण जिंकलं ते कधी ठरत नाही. दोन्ही मंडळं आपापल्या घरी जाऊन जिंकतात. अध्यक्षाने पुढच्या वर्षीच्या बारीला बुवांचं नाव तिथेच जाहीर केलं, आणि श्रुतिकाने धोंडिरामाला असं काही सुनावलं की तो आता आमच्याकडे येताना बोटं खिशात घालून येतो.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी पुसायला घेतली. कानात घालायच्या कापसाच्या काड्या, कोमट पाणी. एकेक बटण साफ केलं. बुवा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून मला बघत होते.

"गो," म्हणाले, "तिसऱ्या गजरात वारो जरा मागे पडलो हां."

"बुवाने ओळ लवकर उचलली, त्याला मी काय करू?"

पेपराचं पान उलटलं. मग मी भात्याच्या बटणापाशी आले. त्याचं कुंकू अजून लाल होतं.

"त्येचा ऱ्हवांदे," बुवा हळूच म्हणाले. "त्या एकाचा नको पुसू."

मी ऐकलं, बरं वाटलं, आणि घासून पुसलं. मध राहिला असता तर पुढच्या बारीला मलाच जड गेलं असतं ना.